हँडलला लटकलेलं दुसरं हेल्मेट

टक, टक.

बोटाच्या पेरांनी हेल्मेटवर वाजवलेला तो आवाज अजून कानात आहे.

घाटाचा उतार सुरू होण्याआधी गावित सर स्वतःच्याच डोक्यावर असं वाजवायचे आणि विचारायचे, "आहे का कोणी घरात?"

मी मागून ओरडायचो, "नाही! जागा भाड्याने देणे आहे!"

सरांना जाऊन आज एक वर्ष झालं.

सत्त्याण्णव साल असेल. आम्ही दोघे मास्तर मोखाड्याहून पोशेऱ्याच्या शाळेत सायकलने जायचो. सायकलवर हेल्मेट आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. सरांनी जव्हारच्या बाजारातून वायरमन घालतात तसलं पिवळं आणलं.

पहिल्याच दिवशी पाड्यावरच्या एका आजीने रस्ता अडवला.
"ओ वायरमन, आमची लाईट कदी येल?"

मी मास्तर आहे, असं सर म्हणाले नाहीत. सायकल लावली, कागद काढला, तक्रार लिहून घेतली. शनिवारी जव्हारला जाऊन ऑफिसात दिली. मग दर शनिवारी तेच. पाड्यावर लाईट येईपर्यंत.

स्टाफरूममध्ये आमचं भांडण रोजचं.

"सर, केसांतून वारा गेला नाही तर कविता कशी सुचणार?"

"कविराज, कविता केसांत नसते. खालच्या डब्यात असते. डबा सांभाळा."

मग एका श्रावणात वळणावर मी घसरलो. डोक्याला अकरा टाके. सर दिवसभर खाटेजवळ बसून होते. "सांगितलं होतं ना" असं एकदाही म्हणाले नाहीत.

मी पुन्हा शाळेत निघालो त्या सकाळी त्यांच्या हँडलला तसलंच पिवळं दुसरं हेल्मेट लटकत होतं.

माझ्यासाठी.

घाला म्हणाले नाहीत. रिटायर होईपर्यंत रोज आणलं फक्त.

आणि मी? मी हट्टी. कधी मागितलं नाही. "तुमचं खरं." दोनच शब्द होते. सर असेपर्यंत तोंडातून निघाले नाहीत.

आता डोक्यावर केस नाहीत. वारा येतो, नुसताच जातो. मागून येणाऱ्या सायकलची चेन वाजली की अजून वळून बघतो.

एवढं लिहून झालं आणि दारावर आवाज.

टक, टक.

दारात पाड्यावरचा सोमा. त्या आजीचा मुलगा. किती वर्षांनी पाहिला! हातात पिवळं हेल्मेट.

"वायरमन गुरुजींनी ठेवाया दिलतं. कविराज मागतील तवा दे, म्हनले. तुमी काय मागलं नाय. म्हनून मीच आलो."

सोमा आत चहा घेतोय.
मी ते डोक्यावर घालून हे टाइप करतोय.

तुमचं खरं, सर.

नमस्कार.