भुवईतली कडी

सोळाव्या वर्षी मी भुवई टोचून घेतली. अकरावीची परीक्षा संपली त्या दुपारी, चेन्नईतल्या अंबत्तूरला एका मित्राच्या गच्चीवर, आम्ही पाच जण आणि शिवणाची एकच सुई. ती दर वेळी सॅनिटायझरने पुसली, एवढंच आमचं वैद्यकशास्त्र. शुद्ध मूर्खपणा होता. पण जखम भरली.

माझे भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. घरी चहाला आलेल्यांनाही ते आग लागली तर कुठून पळायचं ते दाखवतात. पुढे घरातल्या एका लग्नात, फोटोच्या वेळी, त्यांनी शंभर माणसांसमोर माझी हनुवटी धरली. "धोका ओळखायला अक्कल लागते," म्हणाले आणि कडी ओढून काढली. बोटांना सांबार होतं. सगळे हसले. भुवई फाटली, मग पिकली, दहा दिवस गोळ्या घेतल्या. तिथे आजही केस उगवत नाहीत. माफीचा विषय निघालाच नाही.

मी संधीची वाट पाहत थांबलो. आम्हा तंजावरकडच्या मराठी लोकांनी तमिळांकडून पुष्कळ उचललं; बाळाचे कान मामाच्या मांडीवरच टोचायचे, हेही. आणि अक्काला भाऊ मी एकटाच.

गेल्या वर्षी भाचीचे कान टोचायचे ठरले. शुक्रवार होता, साडेदहाला राहुकाळ लागणार होता, त्या अशुभ वेळेआधी कान टोचून व्हायला हवे होते. दोन महिने आधी मी भुवई पुन्हा टोचून घेतली होती, या वेळी हातमोजे घातलेल्या माणसाकडून. हॉलमध्ये पोचलो तेव्हा भुवईतलं भोक रिकामं होतं आणि कडी खिशात. सोनार सुई घेऊन तयार, गुरुजी घड्याळ पाहतायत, भाची अक्काच्या कडेवर. मी खुर्चीत बसून कॉफी पीत राहिलो. सव्वादहाला भावजी आले आणि पाटावर बसायची विनंती केली. 'विनंती' हा शब्द त्यांचाच.

मी कडी त्यांच्यासमोर धरली.

"तुम्ही काढली होती, भावजी. तुम्हीच घाला. मग बसतो."

ते हसले. मी हसलो नाही. त्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्का छताकडे पाहत होती. शेवटी त्यांनी हात पुढे केला.

"आधी हात धुऊन या," मी म्हणालो.

ते गेले आणि साबणाने धुऊन आले. कडी चौथ्या प्रयत्नात बसली. दुखलं, पण मी पापणीही हलवली नाही. राहुकाळाला सहा मिनिटं उरली होती.

मग मी पाटावर मांडी घातली.