अक्कांचा भुकेला भिडू

कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळायला बसताना अक्का पदर नीट सावरून घ्यायच्या, जणू समोर पाहुणा बसलाय. शेजारी लाकडी पट मांडलेला असे. पडद्यावर चाल झाली की कॉम्प्युटरच्या वतीने त्याची सोंगटीही त्याच हलवायच्या.

अक्का मूळच्या सोनगीरच्या. जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, आमच्या शेजारच्या. रोज दुपारी त्यांचा यजमानांशी डाव रंगायचा. ते गेले आणि पट दोन वर्षं कपाटात राहिला. अक्कांचं बोलणंही आटलं. माझा कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा. एक जुनं मशीन नीट करून, त्यात बुद्धिबळाचा प्रोग्राम घालून मी त्यांच्याकडे ठेवून आलो.

पहिले तीन महिने त्या रोज हरल्या. चाल मागे घ्यायचं बटण मी दाखवलं, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. हरलेला डाव पटावर पुन्हा मांडून बघत बसायच्या. मला वाटलं, कंटाळतील. पण एका दुपारी त्यांनी मला दुकानातून बोलावून घेतलं. आनंद झाला की अक्का अहिराणीत शिरत. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याले भूक भलती शे. समोर आलं ते बठ्ठं खास." म्हणजे याला भूक फार, समोर येईल ते सगळं खातो.

कोपऱ्यातलं एक प्यादं त्यांनी मुद्दाम उघडं सोडलं होतं. मशीनचा वजीर ते खायला धावला, आणि अक्कांनी उंट सरकवून त्याची परतीची वाट बंद केली. दहा चालींत मात. त्या संध्याकाळी गल्लीत घरोघरी भरीत गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला प्रोग्रामची पातळी वाढवायला लावली. पुन्हा हरू लागल्या, आणि खुशीत हरू लागल्या.

वरच्या पातळीवरची खोडही त्यांनी हेरली. प्याद्यांना प्यादी भिडवून पट बंद केला की मशीन हत्ती उगाच पुढे-मागे करत बसे. त्याला वाट बघता येत नाही, असं त्या सांगायच्या. तोवर त्या सावकाश घोडा फिरवून आणत.

पुढे गुडघे फार दुखू लागले, तेव्हा मुलीने त्यांना धुळ्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खेळायला बसवलं. मी नेहमीसारखा हरलो. सोंगट्या गोळा करता करता त्या म्हणाल्या, "एक मोहरं गेलं की तू घाई करतोस. दुकानातही तेच करतोस. मशीनला सांगून उपयोग नाही, तुला सांगितलं तर आहे."

मला राग आला होता. पण एखादं काम बिघडलं, की तेव्हापासून मी आधी पाणी पितो, मगच स्क्रू ड्रायव्हरला हात लावतो.

मागच्या महिन्यात धुळ्याला जाऊन आलो. तिथे मशीन चौथ्या पातळीवर पोचलंय आणि मुलगी तक्रार करते, की आई जेवायला उठत नाही. आम्ही डाव मांडला. माझा घोडा गेला, तसे मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तासाभराने डाव बरोबरीत सुटला.

अक्कांनी पटावरून नजर वर केली आणि समाधानाने म्हणाल्या, "छान. आता दुसरी खोड सांगते."