बदकाच्या पिसांची ऊब
डांबरगोळ्यांचा वास आला की मला वडिलांची स्लीपिंग बॅग आठवते. कसबा बावड्यातला आमचा ऊस कारखान्याला गेला की हिमालयात बर्फ बघायला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ऐन मे महिन्यात ते मला घेऊन दुकानात गेले, साध्या बॅगा बाजूला सारल्या आणि बदकाच्या पिसांची निवडली. चपला काढून तिथंच फरशीवर तिच्यात शिरले, हनुवटीपर्यंत चेन ओढली आणि घामाघूम होऊन म्हणाले, "आता बर्फात झोपलो तरी थंडी वाजायची न्हाय." दुकानदार म्हणाला, "पावणं, घरात मोकळी ठेवा. दाबली की पिसं मरत्यात, परत फुगत न्हाईत, ऊब जाती." पण आमच्याकडं चांगली वस्तू घट्ट बांधूनच ठेवायची. आईनं तिची गुंडाळी केली, डांबरगोळ्या घातल्या आणि रजयांच्या चळतीखाली सारली. तोडणीची टोळी दर वर्षी नेमकी वडिलांच्या तिकिटाच्या आठवड्यात यायची. "टोळी परत यायची न्हाय. हिमालय कुठं पळतोय व्हय?" असं म्हणून ते शेताकडं जायचे. पुढं त्यांचे गुडघे गेले. शेवटच्या हिवाळ्यात त्यांना अंथरुणातही थंडी सोसेना, तेव्हा मी ती बॅग काढली, झटकली, उन्हात घातली, तरी ती चादरीसारखी सपाटच राहिली. अंगावर घातल्यावर त्यांनी ती चाचपली आणि हळूच म्हणाले, "मोकळी ठेवा म्हणला होता की त्यो." आता ती माझ्या खोलीत खुंटीला मोकळी टांगलेली असते. थंडी पडली की मी हात लावून बघतो, थोडी तरी फुगली का.