चिक्कीच्या दुकानातले आरोपी

लोणावळ्यात माझ्या शेजारच्या चिक्कीच्या दुकानात एक राखणदार होता, गुन्हेशास्त्रात एम.ए. झालेला. चिक्की पळवणाऱ्या माकडांना तो ‘आरोपी’ म्हणायचा, पण काठी कधी उगारायचा नाही. “या शिक्षणाला नोकरी कुठंय?” असं मी त्याला नेहमी डिवचायचो.

एका दांडग्या हुप्प्याला तो रोज शेंगदाणे देऊन दारात बसवू लागला.

मालक खेकसले, “चोराचाच पाहुणचार करतो व्हय रं?”

“शेठ, जबाबदारी दिली की गुन्हेगार सुधारतो.”

आणि खरंच, त्या हुप्प्याच्या धाकानं दुसरं माकड दुकानाकडे फिरकेना. मग मालकांनी राखणदारालाच काढून टाकलं.

जाताना त्यानं आपली शिट्टी हुप्प्याच्या गळ्यात अडकवली आणि अभिमानानं मला म्हणाला, “काका, नोकरी कुठंय विचारत होता ना? हा बघा, लागला!”