तो आवाज शालनचा होता

माझ्या धाकट्या बहिणीच्या, शालनच्या मृत्यूची बातमी मला कोणी कळवली नाही. मी तिथेच होतो. बातमी आली ती दोन दिवसांनी, वर्तमानपत्रातून, आणि ती चुकीची होती. ‘टेकडीवर फिरायला गेलेल्या वृद्धेचा सोनसाखळी वाचवताना मृत्यू, भावाच्या आरडाओरड्यामुळे चोरटे पसार.’ दोन विधाने, दोन्ही असत्य. पुढे शोकसभेत वक्त्यांनी तिला शांत, सोशिक आणि अजातशत्रू ठरवले. मी बोलायला उठलो, तेव्हा तिच्या मुलाने, अविनाशने, हाताला धरून मला खाली बसवले. म्हणून दीड महिन्यानंतर हे लिहून सांगतो आहे.

शालन सोशिक नव्हती. माझ्या डाव्या भुवईतली खूण तिने दिलेली आहे. मी तिचे मांजर पोत्यात घातले होते. ती नऊ वर्षांची होती, आणि तिने पाटी उभी धरून मारली. पुढे मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. एकदा स्वारगेटच्या थांब्यावर, गर्दीत अंगचटीला येणाऱ्या एका गृहस्थाचे बोट तिने पकडले आणि उलटे वळवले. तो मटकन खाली बसला. ‘‘मोडलंस की काय?’’ मी विचारले. ‘‘आवाज तर तसाच आला,’’ ती म्हणाली, आणि बसमध्ये शिरून खिडकीची जागा पकडली. अशा बाईला अजातशत्रू म्हणणे म्हणजे तिची ओळख पुसून टाकणे आहे. तिने शत्रू निवडून केले होते, आणि तिची निवड सहसा चुकत नसे.

आमच्या घरामागची टेकडी म्हणजे काही गड नव्हे. फाटकातून आत शिरले की वाळक्या गवताचा माळ, मग खुरट्या बाभळी, आणि अखेरीस छातीवर येणारी थोडीशी चढण. वीस मिनिटांत आपण माथ्यावरच्या काळ्या कातळावर असतो. तिथून अर्धे पुणे दिसते, म्हणून लोक येतात. शालन पुढे, मी मागे, अशी आमची अकरा वर्षांची रीत. शेवटच्या चढणीच्या पायथ्याशी एक मोठा धोंडा आहे. त्याला टेकून मी दम खात असे, आणि ती एकटी वर जात असे.

त्या सकाळी सात वाजले होते, स्वच्छ ऊन पडले होते. मी धोंड्याशी पोचलो तेव्हा वर, चाळीसेक पावलांवर, दोन तरुण एका मुलीला केसांना धरून ओढत होते. एकाच्या हातात कोयता होता. शालनने गळ्यातली साखळी काढून त्यांच्या पायांशी फेकली. ‘‘ही घ्या, आणि तिला सोडा.’’ हे मी स्पष्ट ऐकले. कोयतेवाल्याने साखळी उचलून खिशात घातली. दुसऱ्याने केस सोडले नाहीत… सोन्याचा विषय तिथे संपला होता. त्यानंतर जे घडले ते साखळीसाठी नव्हते. ‘‘सोड तिला,’’ शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणाऱ्या तिच्या त्या आवाजात शालन ओरडली, आणि हातातली काठी तिने त्याच्या तोंडावर घातली. त्याचे नाक फुटले. पुढचा तडाखा मनगटावर बसला, तेव्हा केस सुटले आणि ती मुलगी उतारावरून, माझ्या शेजारून, पळत गेली. मग कोयत्याची उलटी बाजू शालनच्या कानशिलावर बसली. ती गुडघ्यांवर आली, उठली, पुन्हा काठी उगारली. दुसऱ्या घावानंतर डोके कातळावर आपटल्याचा आवाज खालपर्यंत आला. मग लाथा. पलीकडच्या बाजूने चढत असलेली माणसे तिचा आवाज ऐकून धावत आली, तेव्हा ते दोघे पळाले.

आणि मी? ‘‘मामांचे गुडघे,’’ असे अविनाश सगळ्यांना सांगतो. गुडघे ठीक होते. मी धोंड्याआड खाली बसलो होतो. माझ्याही हातात काठी होती. तोंडातून शब्द निघाला नाही. ते दोघे दिसेनासे झाले, त्यानंतरच मी वर गेलो. शालन शुद्धीवर होती. मी कुठून उठून आलो ते तिने पाहिले.

‘‘दादा, ती पोरगी सुटली का?’’

‘‘सुटली.’’

तिने डोळे मिटले. दुपारी रुग्णालयात ती गेली.

ती मुलगी जबाब द्यायला आली नाही. तिला दोष देण्याचा अधिकार इतर कोणाला असेल, मला नाही.

हा मजकूर मी अविनाशला आधी वाचून दाखवला. त्याने चष्मा काढून पुसला. ‘‘साखळीचं लिहा, मामा, अवश्य लिहा. पण आरडाओरड्याचं राहू द्या ना. कोणाचं काय बिघडतंय?’’

‘‘तुझ्या आईचं.’’

‘‘अहो, पण लोक तुम्हाला काय म्हणतील?’’

‘‘जे आहे ते.’’

त्या सकाळी टेकडीवर एकच माणूस ओरडले, आणि ती शालन होती. तिचा आवाज मी माझ्या नावावर ठेवून घेणार नाही.

माथ्यावर पोचल्यावर कातळाच्या कडेला उभे राहायचे आणि खालच्या शहराला ‘सावधान’ असा खणखणीत हुकूम द्यायचा, हा तिचा रोजचा परिपाठ. फिरायला आलेली अनोळखी माणसेही हसत ताठ उभी राहत. मला त्याची लाज वाटे. दम लागणे हे पुष्कळदा निमित्तच असे. आता मी रोज वर जातो. तिच्याच जागी उभा राहतो, टाचा जुळवतो, छाती भरून श्वास घेतो… आवाज अजून निघालेला नाही. उद्या पुन्हा जाईन.