मंगळवारचे ब्लाउज

माझ्या मार्केटिंगमुळे अप्पांच्या दुकानासमोर आयुष्यात पहिल्यांदा रांग लागली. ती पांगवायला अख्खा दिवस गेला.

अप्पा, म्हणजे माझे वडील, देवराज मोहल्ल्यात ब्लाउज शिवतात. मी हिनकलकडच्या एका लहानशा विद्यापीठात मार्केटिंग शिकत होते. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो: एखादा खरा धंदा धरा, महिनाभर त्याचं मार्केटिंग करा. नापास झालात तर डिग्री अडकली! मी हाताशी होता तो धंदा धरला आणि गिऱ्हाइकांना विचारत सुटले, "आमचं काय चुकतं?" सगळ्या बायकांचं उत्तर एकच, "तारीख!"

अप्पा प्रत्येकीला "मंगळवारी या" म्हणून सांगतात. बायका शुक्रवारी येतात, अप्पा शनिवारी देतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. ही पद्धत मला एकाही पुस्तकात सापडली नाही, म्हणून मी तिला चूक समजले.

दुकानाच्या वहीतल्या प्रत्येक नंबरावर मी मेसेज पाठवला: "आमचा शब्द म्हणजे शब्द! सांगितलेल्या दिवशी ब्लाउज तयार!" अप्पांना कळवलं नाही. (सरप्राइज!)

मंगळवारी शटर वर गेलं तर बायकांची रांग पार फुलवाल्यापर्यंत.

"अय्यो! ह्या सगळ्या कशाला आल्या गं?"

"तुम्हीच बोलावलंत, अप्पा."

"मी दर वेळी बोलावतो! येतंय कोण?"

मी मोबाइल पुढे केला. मेसेज वाचून अप्पा मशीनच्या स्टुलावर बसलेच. "तीस वरसं मी कुणाला येळेवर दिलो नाही, कुणी रागावलं नाही. तू एक मेसेज टाकलीस, सगळा मोहल्ला रागावला. आयतु, झालं!"

रांगेत पहिल्या होत्या आमच्या गीता मॅडम. मार्केटिंग त्याच शिकवतात, प्रोजेक्टही त्याच तपासतात. "मेसेज छान होता हं," त्या म्हणाल्या. "उद्या भाचीचं लग्न आहे. दे ब्लाउज."

ब्लाउज शिवून झाला होता, फक्त हूक राहिले होते. अप्पा बाकीच्या बायकांची समजूत घालण्यात बुडालेले. ते तिथूनच ओरडले, "सुम्ने, नुसती उभी राहू नको! हूक लाव, स्वल्पच काम हाय!"

मी सुई-दोरा घेऊन बसले. मांडीवर ब्लाउज नव्हता, माझी डिग्री होती! तरी दहा मिनिटांत सगळे हूक लावले, घडी घातली आणि हसून पिशवी दिली. मॅडम खूश. मीही खूश.

पुढच्या आठवड्यात मी सादरीकरण केलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ब्लाउजच्या एका बाजूला हूक असतात. दुसऱ्या बाजूला?"

"ते अडकवायला दोऱ्याचे फास, मॅडम."

"तू दोन्हीकडे हूकच लावलेस. लग्नभर मी आतून सेफ्टी पिना लावून, वरून दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन फिरले. लोक विचारत होते, ताप आलाय का?"

मी पास झाले. मॅडमनी फाइलवर लाल पेनाने शेरा लिहिला: "जाहिरात उत्तम. मालाला हात लावू नये."