मॅडमनी सोडलेला धडा

"शी!" म्हणताना आमच्या फिजिक्सच्या मॅडम नाक असं मुरडत, की समोरच्याला आपल्याच शर्टाचा वास घेऊन बघावासा वाटे. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. दिघीहून आगरदांड्याला आम्ही रोज एकाच बोटीने जायचो, त्यामुळे ही "शी!" मी पोटभर ऐकली आहे.

क्लासवाले मुलांना सांगत, प्रकाश कण की लहर असं विचारलं तर दोन्ही लिहा, मार्क मिळतात. "शी! दोन्ही लिहितात आणि ढाराढूर झोपतात. अहो, या प्रश्नापायी भलीभली माणसं वेडी व्हायची बाकी होती!"

बोटीवर त्यांनी मलाही शिकवून बघितलं. चालत्या बोटीत आपण पुढे चाललो, तर काठावरच्याला आपला आणि बोटीचा वेग मिळून दिसतो. "इथवर जुनं शास्त्र. प्रकाशाला ही बेरीज लागूच नाही. बॅटरी बोटीवरून मारा नाहीतर धक्क्यावरून, वेग तोच. केवढी उलथापालथ झाली, कळतंय का सर?" मला अर्धंच कळायचं. त्यांचा चेहरा मात्र तेव्हा बघण्यासारखा असायचा.

कण-लहरीच्या या शास्त्राला क्वांटम म्हणतात; तेच नाव लावून मग गावोगाव 'क्वांटम पाणी' विकणारा एक कोटवाला उगवला. क्वांटममध्ये म्हणे सगळं शक्य असतं, त्या पाण्याने शुगरसुद्धा जाते. त्याचं ते गुळगुळीत हसू मला आजही आठवतं. आमच्याच कॉलेजने त्याला शाल-श्रीफळ दिलं. मॅडम तेवढ्या उठून बाहेर गेल्या. बाकीचे टाळ्या वाजवत बसले, शी!

मॅडमचा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. त्याला शुगर होती. त्याने इन्सुलिन बंद करून गुपचूप ते पाणी सुरू केलं. मॅडमना पत्ता लागला तेव्हा पाय काळा पडला होता.

पाय कापल्यावर मी हॉस्पिटलात भेटायला गेलो. मॅडम त्याला विचारत होत्या, "दादा, मला एका शब्दानं विचारायचं न्हाय का?"

"इचारायचं काय त्यात? तुझाच विषय हाय म्हणून तर घेतलं."

थोड्या वेळाने त्याने बहिणीचा हात धरला. "तुझ्या त्या क्वांटममध्ये पाय परत फुटंल का गं?"

"न्हाय रे दादा," त्या म्हणाल्या, आणि त्याची चादर सारखी करत राहिल्या.

पुढे त्यांनी संस्थेच्या माणगावच्या शाखेत बदली मागून घेतली. तिथे त्या अकरावीला ढकललं की सरकतं, सोडलं की पडतं, एवढंच शिकवतात. बारावीचा क्वांटमचा धडा दुसरे सर घेतात. मी फोनवर कारण विचारलं.

"फळ्यावर तो शब्द लिहायला गेले," त्या म्हणाल्या, "की हात उचलत नाही हो, सर."